तेव्हा तुम्हाला काय दिसत होतं?

"रक्त मला आधीच दिसलं होतं, सर, पण तुम्ही बघितलं असेल असं वाटलं." पीपीएचच्या, म्हणजे प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाच्या, ड्रिलनंतर, म्हणजे सरावानंतर, जे डीब्रीफिंग, म्हणजे घडलेल्याची एकत्र बसून उकल, झाले त्यात एका तरुण सिस्टरने हे वाक्य उच्चारले, आणि ते अजून माझ्या मनातून जात नाही. ती तक्रार करत नव्हती आणि स्वतःचा बचावही करत नव्हती. विचारले म्हणून तिने सांगितले, तेही मांडीवर काढून ठेवलेल्या हातमोज्यांची बोटे एकेक करून सरळ करत. आता समोर बसलेले प्रसूतितज्ज्ञ ड्रिलच्या वेळी टाके घालत होते. त्यांची नजर जखमेवर होती, आणि टेबलाच्या कडेवरून ओघळणारे लाल पाणी त्यांच्या गुडघ्याजवळून खाली बादलीत पडत होते. सिस्टर त्यांच्या उजव्या हाताला उभी होती आणि तिथून बादली स्पष्ट दिसत होती. रक्त म्हणजे रंगीत पाणी आहे, टेबलावरची बाई म्हणजे आपलीच सहकारी आहे, हे तिला पूर्ण ठाऊक होते. तरीही ती लेबर रूममध्ये राहते तशीच गप्प राहिली.

मी भूलतज्ज्ञ आहे, आणि अशा ड्रिलमध्ये कधी फॅसिलिटेटर, म्हणजे चर्चा चालवणारा, म्हणून, कधी नुसता निरीक्षक म्हणून बसत आलो आहे. त्या दिवशी वही घेऊन कोपऱ्यात होतो. रुग्ण म्हणून पुतळा नव्हता, एका अनुभवी सिस्टरने पोटावर बांधायचा मामानॅटली हा सिम्युलेटर, म्हणजे प्रसूतीच्या सरावाचे साधन, घातला होता. त्यात बाळ असते, नाळ असते, वार असते, लाल पाण्याची टाकी असते, आणि गर्भाशय आकसावे की सैल राहावे हे तो बांधणारी व्यक्ती आतून हाताने ठरवते. त्यामुळे ही रुग्ण कण्हते, घाबरते, उत्तरे देते, आणि टीमने ओटीपोट चोळायला घेतले, वेळेवर औषध दिले, तरच तिचे रक्त थांबते. खोलीत फिनाइलचा वास होता, बाहेर पाऊस होता, एसी जोरात चालू होता आणि तरी टाके घालणाऱ्या डॉक्टरांच्या कानामागून घाम उतरत होता. सिनॅरिओ जेमतेम दहा मिनिटांचा असतो. पण ती दहा मिनिटे संपल्यावर माणसे ज्या चेहऱ्याने बाहेर येतात तो चेहरा मी खऱ्या केसनंतर ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, चेंजिंग रूममध्ये पाहिला आहे.

डीब्रीफिंगची खोली शेजारीच होती. फॅसिलिटेटर मॅडमनी सगळ्यांच्या आधी तिथे जाऊन एक काम केले, ते मला फार महत्त्वाचे वाटते. पाठीवर टर्किश टॉवेल टाकलेली विभागप्रमुखांची खुर्ची त्यांनी मामांकडून बाहेर नेववली आणि सगळ्यांसाठी एकसारख्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या गोलात मांडल्या. मधले टेबलही काढले. टेबल असले की त्याला एक डोके आणि एक शेपूट आपोआप येते, आणि शेपटाकडे कोण बसणार हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. मग चहा आला, आणि चहा घेता घेता मॅडमनी पहिला प्रश्न सर्वांत धाकट्या एएनएम (सहायक परिचारिका) विद्यार्थिनीला विचारला: "कसं वाटलं?" चुकांची चर्चा त्यांनी बराच वेळ उघडलीच नाही. आधी छातीतली धडधड ओसरू द्यायची, मग काय काय घडले ते क्रमाने सगळ्यांनी मिळून जुळवायचे, आणि त्यानंतरच का घडले याकडे वळायचे, हा क्रम शास्त्राने सांगितलेला आहे. तो पाळणे किती अवघड आहे हे तिथे बसल्यावर कळते, कारण प्रत्येक ज्येष्ठ माणसाच्या जिभेच्या टोकावर एक निकाल तयार असतो.

सिस्टरचे ते वाक्य आले तेव्हा खोलीतल्या दोघातिघांनी श्वास आत घेतला. "मग सांगायचं नाही का?" हा प्रश्न हवेत होता, कोणीही तो विचारला असता आणि तिथेच सगळे संपले असते. मॅडम तिच्याकडून डॉक्टरांकडे वळल्या. "सर, त्या मिनिटाला सिस्टरना बादली दिसत होती. तेव्हा तुम्हाला काय दिसत होतं?" सरांनी कप खाली ठेवला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत, आणि मॅडमनीही ती शांतता भरून काढायची घाई केली नाही. मग ते म्हणाले, "मला फक्त टाका दिसत होता. आणि खरं सांगायचं तर, काही बिघडलं तर सिस्टर सांगतीलच, असं मी धरून चाललो होतो."

दोघेही एकमेकांवर विसंबून होते, आणि मधल्या वेळात बाई रक्त गमावत होती.

ज्या पद्धतीत माझी पिढी वाढली तिच्यात हे दुसरे वाक्य कधी बाहेरच आले नसते. आमच्याकडे मृत्यूच्या केसवर बैठक व्हायची ती एका बाजूला ज्येष्ठांची रांग आणि दुसऱ्या बाजूला केसपेपर हातात धरून उभा असलेला रेसिडेंट, अशी. पहिला प्रश्न ठरलेला: "ड्युटीवर कोण होतं?" त्या प्रश्नाला नाव हेच उत्तर असते, आणि नाव मिळाले की शोध थांबतो. सिस्टर त्या बैठकीला नसायच्याच. त्यांचे म्हणणे मेट्रनच्या खुलाशाच्या कागदात येई, तेही बहुधा माफीच्या भाषेत. त्या बैठकांत काही शिकलो नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पुष्कळ वैद्यक तिथेच शिकलो. पण त्यासोबत आणखी एक गोष्ट प्रत्येकाने शिकून घेतली: जे दिसले आणि वेळेवर बोलता आले नाही, ते नंतर तर मुळीच बोलायचे नाही.

बॉस्टनच्या जेनी रुडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीब्रीफिंगबद्दल २००६ मध्ये मांडलेला विचार मी याच अनुभवाच्या प्रकाशात वाचतो. त्यांचे म्हणणे असे की शिक्षकाच्या मनात निकाल असतोच. तो नसल्याचे सोंग करून गुळगुळीत प्रश्न विचारले तर शिकणाऱ्याला ते सोंग लगेच कळते. त्यापेक्षा मी काय पाहिले ते सांगावे, मला त्याची काळजी का वाटली तेही उघड सांगावे, आणि मग मनापासून विचारावे की त्या वेळी तुमच्या डोक्यात काय चालले होते. यामागे एक विश्वास गृहीत आहे: समोरचा माणूस बुद्धिमान आहे, त्याला काम चांगले करायचे आहे, आणि त्याने जे केले त्याला त्याच्या जागेवरून पाहिल्यास काहीतरी अर्थ आहे. हा अर्थ शोधायचा. सिस्टरच्या गप्प राहण्यालाही अर्थ होता. सरांच्या हातातल्या टाक्यात व्यत्यय आणला तर काय होते हे ती आधी कुठेतरी शिकून आली होती.

भूलशास्त्रात हे सगळे विमानांकडून आले. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरिफे या स्पॅनिश बेटावरच्या धावपट्टीवर दाट धुक्यात दोन जम्बो विमाने एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे गेली. त्यांतल्या केएलएम या डच कंपनीच्या विमानाने उड्डाणासाठी धाव घेतलेली असताना कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनिअरने विचारले होते की ते दुसरे, पॅन अमेरिकन कंपनीचे विमान अजून धावपट्टीवरून बाजूला झालेले नाही का. कॅप्टनने ठामपणे सांगितले की झाले आहे, आणि त्यानंतर कोणी विचारले नाही. कॅप्टन कंपनीतला सर्वांत मानाचा वैमानिक होता. अशा अपघातांतून कॉकपिटमधल्या माणसांनी एकमेकांशी कसे बोलावे याचे प्रशिक्षण उभे राहिले, आणि स्टॅनफर्डच्या डेव्हिड गाबा या भूलतज्ज्ञाने ते ऑपरेशन थिएटरात आणले. सिम्युलेटरवर संकट उभे करायचे आणि नंतर बसून त्याची उकल करायची, ही पद्धत आमच्या विषयात तेव्हापासून रुजली.

पण मला तेनेरिफेपेक्षा जवळची वाटते ती इंग्लंडमधली एलेन ब्रॉमिली. २००५ साली सायनसच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी ती दाखल झाली. भूल दिल्यावर श्वासमार्गात नळी जाईना आणि मास्कनेही ऑक्सिजन पोहोचेना. अनुभवी डॉक्टर खोलीत होते आणि ते पुन्हा पुन्हा नळी घालण्याचा प्रयत्न करत राहिले. त्याच खोलीत एका नर्सने गळ्यातून मार्ग करण्याचा सेट आणून ठेवला आणि तसे सांगितलेही. दुसरीने आयसीयूत खाट सांगितली, पण आपण अतिरेक करत आहोत अशा नजरा तिला जाणवल्या आणि तिने ती रद्द केली. एलेन काही दिवसांनी गेली. तिचा नवरा मार्टिन स्वतः वैमानिक होता. कोणाला शिक्षा व्हावी असा हट्ट त्याने धरला नाही. त्याने विचारले ते एवढेच, की ज्यांना काय करायला हवे ते माहीत होते त्यांचे म्हणणे खोलीत का पोहोचले नाही. भूलतज्ज्ञ म्हणून ही हकिगत वाचताना मी दर वेळी त्या डॉक्टरांच्या जागी उभा राहतो. नळी जात नसते तेव्हा जग त्या दोन बोटांच्या फटीएवढे होते, आणि शेजारचा आवाज कानावर पडूनही आत शिरत नाही. म्हणूनच बोलायला शिकवणे हा निम्माच अभ्यास झाला. उरलेला निम्मा ऐकणाऱ्याचा आहे, आणि तो ज्येष्ठांनी करायचा आहे.

आपल्याकडे सिम्युलेशन म्हटले की चर्चा पुतळ्यांच्या किमतीवर जाते. वैद्यकीय महाविद्यालयांना स्किल लॅब, म्हणजे कौशल्यांच्या सरावाची खोली, सक्तीची झाल्यापासून पुतळे आले. काही ठिकाणी ते प्लॅस्टिकच्या आवरणाखाली तपासणीच्या दिवसाची वाट पाहत पडून असतात. कॅनडात भूलशास्त्राच्या रेसिडेंटवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सिम्युलेशननंतर ज्यांच्याशी कोणी बोललेच नाही त्यांच्यात सुधारणा दिसली नाही. ज्यांच्याशी बोलणे झाले त्यांच्यात दिसली, आणि व्हिडिओ दाखवल्याने त्यात विशेष भर पडली नाही. बिहारच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत नर्सना शिकवताना तर ओटीच्या साध्या पायजम्याला शिवून केलेली 'पार्टोपँट' वापरली गेली. तो पायजमा घातलेली बाई रुग्ण होई, प्रसूती होई, रक्तस्राव होई, आणि मग सगळ्या बसून बोलत. लाखांचा पुतळा आणि शिवलेला पायजमा यांत फरक नाही असे मी म्हणणार नाही. नाडी, रक्तदाब, मॉनिटरचा बदलता सूर यांचे काम मोठे आहे. पण दोन्हींनंतर बसून बोलणारा माणूस नसेल तर दोन्ही वायाच जातात, आणि असा माणूस घडवायला आपण पैसे ठेवत नाही.

त्या दिवशी चर्चा आणखी एका वळणावर गेली, आणि तिथे मला स्वतःला नवे काही कळले. मॅडमनी विचारले, "सिस्टर, बोलणं सोपं जाण्यासाठी तुम्हाला काय हवं होतं?" ती विचार करून म्हणाली की नुसते 'जास्त वाटतंय' म्हणायला भीती वाटते, कारण लगेच विचारतात, किती जास्त? प्रसूतीच्या टेबलाखाली गर्भजल, लघवी, रक्त सगळे एक झालेले असते, कापूस आणि चादर भिजलेली असते, आणि डोळ्यांचा अंदाज नेहमी कमी पडतो. आमच्या बेळगावात याच प्रश्नावर काम झाले आहे. बाळंतिणीखाली सरकवायची आणि खाली नरसाळ्यासारख्या पिशवीत रक्त गोळा करून मिलिलिटरमध्ये दाखवणारी प्लॅस्टिकची चादर तिथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधनात वापरली गेली, आणि डोळ्यांनी केलेला अंदाज तिच्या मापापेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी भरला. पुढे अशीच मापाची चादर आणि लगेच द्यायचे एकत्रित उपचार यांचा केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत अभ्यास झाला. २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले: गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावे लागणे किंवा त्यातून मृत्यू, यांचे एकत्रित प्रमाण नेहमीच्या पद्धतीच्या रुग्णालयांत ४.३ टक्के, तर या नव्या पद्धतीच्या रुग्णालयांत १.६ टक्के होते. हे आकडे मी पूर्वी वाचले होते ते मोजमापाचे यश म्हणून. त्या सिस्टरचे ऐकताना वाटले की पिशवीवरची रेघ आणखी एक काम करते. "सर, पाचशे झालं" हे वाक्य अकरा महिन्यांच्या कंत्राटावरची नर्सही विभागप्रमुखांना म्हणू शकते. त्यात तिचे मत नसते, त्यामुळे तिचा उद्धटपणाही नसतो.

सगळ्यांत शेवटी रुग्ण बोलली. मामानॅटली घातलेल्या त्या अनुभवी सिस्टरचे निम्मे आयुष्य लेबर रूममध्ये गेलेले आहे. ती म्हणाली, "मला सगळं माहीत होतं, तरी मला भीती वाटली. बाळ कोणी नेलं ते मला दिसलं नाही. माझ्या पोटावर दाब आला तेव्हा कोणी सांगितलं नाही की आता दुखेल. सगळे माझ्या वरून एकमेकांशी बोलत होते." मग थोडे थांबून तिने सांगितले की आपणही इतकी वर्षे असेच बोलत आलो, हे आडवे झाल्यावर कळले. तिचे बोलणे ऐकताना त्या तरुण सिस्टरने हातमोजे बाजूला ठेवले होते. चेकलिस्टमध्ये या मुद्द्यासाठी एकच ओळ असते, 'रुग्णाशी संवाद साधला', आणि तिच्यापुढे सगळ्या निरीक्षकांनी बरोबरची खूण केलेली होती.

आता त्या दिवसातल्या समाधानाबरोबर आलेली अस्वस्थताही लिहिली पाहिजे. डीब्रीफिंगच्या सुरुवातीला आम्ही सांगतो की इथे बोललेले इथेच राहील. आम्ही ते मनापासून सांगतो. पण स्किल लॅबमधून ती सिस्टर परत जाते ती चाळीस खाटांच्या वॉर्डात, रात्रपाळीला, जिथे तेच किंवा तसेच डॉक्टर असतात आणि खुर्चीवर टॉवेल परत आलेला असतो. एका बॅचमधल्या सिस्टरने मला चहाच्या वेळी अगदी शांतपणे विचारले होते: "सर, आम्ही बोललो आणि त्यांना राग आला, तर आमचं कंत्राट पुढे चालू राहील याची हमी कोण देणार?" तिला देण्यासारखे खरे उत्तर माझ्याकडे नव्हते. धीटपणा शिकवायचा आणि त्याची किंमत तिने एकटीने चुकवायची, हे न्यायाचे नाही. खऱ्या मृत्यूनंतर तर हे आणखी नाजूक होते. हादरलेल्या माणसांना लगेच गोलात बसवून एकदाच सगळे बोलायला लावल्याने त्यांच्या मनावरचा आघात टळतो, या समजुतीला संशोधनाचा आधार मिळालेला नाही. तिथे आधी घरी सोडणारी गाडी, जेवण आणि दुसऱ्या दिवशीची सुटी हवी असते. ड्रिलनंतरची पद्धत उचलून जशीच्या तशी तिथे नेता येत नाही.

म्हणूनच मला स्किल लॅबपेक्षा खऱ्या लेबर रूममध्ये घेतलेल्या ड्रिलवर अधिक भरवसा वाटू लागला आहे. तिथे माणसांबरोबर भिंती, कपाटे आणि किल्ल्याही परीक्षेला बसतात. अशाच एका ड्रिलमध्ये ऑक्सिटोसिन मागवल्यावर उघड झाले की ते जिथे ठेवायला हवे तिथेच, फ्रिजमध्ये, व्यवस्थित ठेवलेले आहे. पण फ्रिजच्या खोलीची किल्ली इन्चार्ज सिस्टरच्या पर्समध्ये आहे आणि त्या राऊंडला गेल्या आहेत. तेव्हा दोष कोणाच्याही स्वभावात शोधावा लागला नाही. दुसऱ्याच दिवशी एक जादा किल्ली लेबर रूमच्या आत खिळ्याला लागली. रक्तपेढीच्या फॉर्मवर कोणाची सही चालते, ही गोष्टही तिथेच निकाली निघाली. आणि रक्त आणायला प्रत्यक्षात कोण धावते, हे विचारल्यावर सगळ्यांनी दाराकडे पाहिले, कारण मावशींना डीब्रीफिंगला कोणी बोलावलेच नव्हते. त्यांना आत बोलावून खुर्ची दिली. त्या आधी बसेनात. मग टोकावर बसल्या आणि म्हणाल्या की दुपारी जेवणाच्या सुटीत लिफ्टमन नसतो, म्हणून त्या वेळी रक्त जिन्याने आणावे लागते आणि उशीर त्यामुळेच होतो. हे त्यांना फार पूर्वीपासून माहीत होते.

पुढच्या ड्रिलच्या यादीत मावशी आहेत, लिफ्टमन आहे, रक्तपेढीचा तंत्रज्ञ आहे. कंत्राटांच्या नूतनीकरणावर ज्यांची सही लागते त्या अधिकाऱ्यांनीही डीब्रीफिंगला यावे आणि गोलातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून पूर्ण वेळ ऐकावे, असे पत्र मी दिले आहे. ड्रिलमध्ये किंवा वॉर्डात धोका बोलून दाखवल्याबद्दल कोणत्याही कर्मचाऱ्याच्या मूल्यमापनात प्रतिकूल शेरा येणार नाही, हे लेखी द्यावे, अशी मागणीही त्यात आहे. तोंडी होकार आला आहे. लेखी यायचे बाकी आहे, आणि ते हातात आल्याशिवाय त्या सिस्टरला मी पुन्हा 'बोला' म्हणणार नाही.